मांडीत गोळा येतो तेव्हा

आजचा विषय तसा घरगुती आहे. मांडीत येणारा गोळा. ज्याला आलाय त्याला तो काय असतो हे सांगावं लागत नाही. ज्याला आला नाही त्याला कितीही सांगितलं तरी "एवढं काय त्यात" असं वाटतं. दोन-तीन मिनिटांचं दुखणं, पण त्या दोन-तीन मिनिटांत भला धट्टाकट्टा माणूस रडकुंडीला येतो. घरातले बिचारे गोंधळतात. कुणी तेल आणतं, कुणी पाय ओढतं, कुणी पाणी पाजतं. त्यातलं काय बरोबर, काय चूक, हे आज नीट बघू.

आपल्याकडे याला नावं पुष्कळ आहेत. पेटका आला, गोळा चढला, नस चढली, वात भरला. पश्चिम महाराष्ट्रात "वांब आला" असंही म्हणतात. यातलं "नस चढली" हे नाव जरा दिशाभूल करतं. नस कुठे चढत-उतरत नाही. जो कडक दगड हाताला लागतो तो स्नायू असतो. त्यामुळे "नस उतरवून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती मांडी देण्याआधी पुढचा अर्धा तास ऐका.

स्नायू सुटत का नाही?

स्नायूचं काम दोनच प्रकारचं: आखडणं आणि सैल होणं. आखडण्याचा हुकूम मज्जारज्जूतून चेतातंतूमार्फत येतो. हुकूम थांबला की स्नायू सैल पडतो. गोळा येतो तेव्हा हा हुकूम थांबतच नाही. तुमच्या इच्छेशिवाय, एकामागून एक संदेश येत राहतात आणि स्नायू आखडलेलाच राहतो.

असं का व्हावं? प्रत्येक स्नायूत दोन पहारेकरी असतात असं समजा. एक स्नायूच्या पोटात बसलेला. तो लांबी मोजतो आणि "आखड, आखड" असं सांगत असतो. दुसरा स्नायूच्या टोकाला, हाडाला जोडणाऱ्या कंडरेत बसलेला. तो ताण मोजतो आणि ताण फार वाढला की "पुरे, सोड" असं सांगतो. एक अ‍ॅक्सिलरेटर, एक ब्रेक. स्नायू खूप थकला की पहिल्याची कुरकुर वाढते आणि दुसऱ्याचा आवाज बसतो. ब्रेक ढिला होतो. त्यात स्नायू आधीच आखूड स्थितीत असेल, म्हणजे जवळ घेतलेला असेल, तर कंडरा सैल असते आणि ब्रेक लागण्याची शक्यता आणखी कमी होते.

तुम्ही योगासनं करत असाल तर हे अनुभवलं असेल. सेतुबंधासनात पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलली की काही जणांना मांडीच्या मागे कचकन गोळा येतो. कारण गुडघा वाकलेला, मागचा स्नायू आखूड झालेला, आणि त्याच स्थितीत त्याला जोर लावायला सांगितलेला.

म्हणूनच गोळ्यावरचा पहिला इलाज एकच आहे: त्या स्नायूला लांब करणं. ताण दिला की कंडरेतला पहारेकरी जागा होतो, ब्रेक लागतो आणि हुकूम थांबतो. बाकी तेल, शेक, केळं, मीठ हे सगळं नंतरचं.

मग मीठ-पाण्याचं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही तर लहानपणापासून ऐकत आलोय की अंगातलं मीठ कमी झालं की गोळे येतात. ते खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे. हे जरा इतिहासात जाऊन बघू.

१९२३ साली इंग्लंडमध्ये के. नेव्हिल मॉस यांनी खोल, गरम कोळसा खाणीतल्या कामगारांचा अभ्यास मांडला. हे कामगार घामानं न्हाऊन निघायचे, वरून भरपूर साधं पाणी प्यायचे आणि मग हातापायांत, पोटात भयंकर गोळे यायचे. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे. घामातून मीठ जात होतं आणि भरपाई फक्त पाण्याची होत होती. पाण्यात थोडं मीठ घातलं की त्रास कमी व्हायचा.

१९३२ साली अमेरिकेत हूवर धरणाचं बांधकाम चालू होतं, नेवाडाच्या वाळवंटात. तिथे हार्वर्डच्या थकवा-प्रयोगशाळेतले डेव्हिड ब्रूस डिल आणि त्यांचे सहकारी उन्हात राबणाऱ्या मजुरांना तपासायला गेले. निष्कर्ष तोच: मजुरांना पाण्याबरोबर मीठही हवं. आता आपल्या नागपूरच्या भोवताली बघा. उमरेड, कामठी, पुढे चंद्रपूर. कोळशाच्या उघड्या खाणी, वीटभट्ट्या, रस्त्याची कामं, इमारतींचे स्लॅब. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. त्या मजुराला येणारा गोळा हा मॉसच्या खाणकामगाराचाच गोळा आहे.

पण आता दुसरी बाजू. २०११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मार्टिन श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी २१० आयर्नमॅन स्पर्धकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोहणं, सायकल आणि धावणं अशी दिवसभराची स्पर्धा. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्या शरीरातलं पाणी आणि रक्तातलं सोडियम यांनी त्यांच्यातला फरक सांगता आला नाही. फरक कशानं पडला? जे नेहमीपेक्षा जास्त वेगानं गेले आणि ज्यांना आधीही गोळे येत होते, त्यांना जास्त आले.

आणि साधा विचार करा. रक्तातलं मीठ कमी झालं तर ते सगळ्या अंगातलं कमी होतं. मग गोळा नेमका उजव्या मांडीतच का येतो? डाव्या हाताला का नाही? उत्तर असं की ज्या स्नायूनं जास्त काम केलं, त्याचाच ब्रेक ढिला झालेला असतो.

तुमच्यापैकी अनेकांनी एक सामना पाहिला असेल. ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, विश्वचषकात ऑस्ट्रेलिया विरुद्ध अफगाणिस्तान. २९२ धावांचं लक्ष्य, ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१. तिथून ग्लेन मॅक्सवेलनं १२८ चेंडूंत नाबाद २०१ केल्या. शेवटी शेवटी पायांत, पाठीत असे गोळे आले की तो मैदानावर आडवा पडला. उठला, पण पाय हलवता येईना. मग पाय न हलवता, नुसत्या हातांनी षटकार मारत राहिला. समोर पॅट कमिन्स होता, ६८ चेंडूंत नाबाद १२. हवा तीच, दमटपणा तोच. पण ज्यानं जास्त पळापळ आणि फटकेबाजी केली, गोळा त्याला आला. त्यानंतर आठ दिवसांनी त्याच मैदानावर उपांत्य सामन्यात शुभमन गिल ७९ वर खेळत असताना गोळ्यांमुळे बाहेर गेला. स्पर्धेच्या सुरुवातीला त्याला डेंग्यू झालेला होता. आजारातून उठलेलं शरीर लवकर थकतं, हे लक्षात ठेवा. घरात कुणी तापातून उठलं असेल तर त्यालाही हे लागू आहे.

तर सार असं: थकवा हे मुख्य कारण. घामातून गेलेलं मीठ हे दुसरं, आणि आपल्या उन्हाळ्यात ते फार महत्त्वाचं. पण कारण कुठलंही असो, त्या क्षणीचा इलाज ताण हाच.

मांडीचं गणित वेगळं का?

पोटरीतला गोळा बहुतेकांना माहीत असतो. पायाचा अंगठा धरून आपल्याकडे ओढायचा, झालं. घरातली आजीसुद्धा हे सांगते आणि ते बरोबर आहे. पण मांडीत गोळा आला की लोक तेच करतात, अंगठा ओढत बसतात. मांडीच्या पुढच्या गोळ्यावर त्याचा काही उपयोग नाही. का? कारण तो स्नायू अंगठ्यापर्यंत जातच नाही.

मांडीत स्नायूंचे तीन मोठे गट आहेत. पुढचा गट गुडघा सरळ करतो. मागचा गट गुडघा वाकवतो. आतला गट दोन्ही मांड्या जवळ आणतो. पुढच्या आणि मागच्या गटातले काही स्नायू दोन सांध्यांवरून जातात, खुब्यावरून आणि गुडघ्यावरून. म्हणून त्यांना लांब करायचं तर दोन्ही सांध्यांचा विचार करावा लागतो. इथेच सगळी गडबड होते.

गोळा आल्यावर माणूस स्वाभाविकपणे काय करतो? झोपेतून ताडकन उठून बसतो आणि मांडी पकडतो. बसला म्हणजे खुब्यात वाकला. गोळा पुढच्या बाजूला असेल तर खुब्यात वाकल्यानं तो स्नायू आणखी आखूड होतो आणि गोळा आणखी घट्ट होतो. आणि गोळा मागच्या बाजूला असेल तर माणूस गुडघा पोटाशी घेतो. गुडघा वाकला की मागचा स्नायू आणखी आखूड. म्हणजे दोन्ही वेळेला आपली सहज प्रतिक्रिया नेमकी उलटी असते. म्हणून आज एकच वाक्य घरी घेऊन जा: आधी बाजू ओळखा, मग उलट दिशेनं ताणा.

गोळा आला, आता काय करायचं?

*पुढच्या बाजूला असेल तर.* गुडघा सरळ, ताठ झालेला असतो, वाकत नाही. उभं राहता येत असेल तर भिंत किंवा पलंगाची कड धरा. गुडघा हळूहळू मागे वाकवा, घोटा हातात धरा आणि टाच ढुंगणाकडे न्या. कंबर सरळ ठेवा, पुढे वाकू नका. उभं राहता येत नसेल तर कुशीवर वळा, दुखरा पाय वर, आणि झोपूनच गुडघा मागे वाकवा. हात घोट्यापर्यंत पोचत नसेल तर दुपट्टा घोट्याभोवती घाला आणि मागून ओढा. दुपट्टा आपल्या घरात असतोच.

*मागच्या बाजूला असेल तर.* गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकतो. तो हळूहळू सरळ करायचा. पलंगाच्या कडेला बसा, दुखरा पाय पुढे सरळ, टाच जमिनीवर, बोटं स्वतःकडे. आता पाठ सरळ ठेवून कमरेतून थोडं पुढे झुका. मांडीच्या मागे ओढ जाणवली की तिथेच थांबा. झोपूनच करायचं असेल तर दुपट्टा तळपायाला अडकवा, पाय वर उचला आणि गुडघा सावकाश सरळ करा.

*आतल्या बाजूला असेल तर.* हा सगळ्यात त्रासदायक, कारण माणसाला पाय कुठे ठेवावा कळत नाही. पाठीवर झोपा, गुडघा वाकवा, तळपाय अंथरुणावर टेकवा आणि गुडघा सावकाश बाहेरच्या बाजूला पडू द्या. उभे असाल तर पाय फाकवून उभे राहा आणि बऱ्या पायाच्या गुडघ्यात वाकून त्या बाजूला झुका.

तिन्ही प्रकारांत चार गोष्टी सारख्या. एक, झटका द्यायचा नाही. दोन, वीस-तीस सेकंद तसंच धरायचं, सोडायचं, लागलं तर पुन्हा. तीन, श्वास रोखायचा नाही. दुखणं आलं की आपण श्वास धरतो आणि सगळं अंग ताठ होतं. चार, विरुद्ध बाजूच्या स्नायूला कामाला लावायचं. गोळा पुढे असेल तर टाच मागे ओढण्याचा स्वतः जोर करा. मागे असेल तर गुडघा सरळ करण्याचा जोर करा. एका बाजूचा स्नायू काम करायला लागला की मज्जारज्जू समोरच्याला सैल सोडायला सांगतो. ही शरीराची आपली सोय आहे, ती वापरा.

गोळा सुटल्यावर हलक्या हातानं चोळा, कोमट शेक द्या, चार पावलं चाला. जोरदार गोळ्यानंतर एक-दोन दिवस मांडी ठणकते. ते साहजिक आहे. त्या दिवशी पुन्हा पळू नका, जिने चढण्याच्या शर्यती लावू नका.

आणि काय करू नका? आखडलेल्या मांडीवर कुणी पाय देऊन उभं राहू नये. मुठीनं ठोकू नये. सुई टोचू नये. गरम तेलानं, उकळत्या पाण्याच्या पिशवीनं भाजून घेऊ नये. मधुमेह असलेल्यांना तर चटका बसलेलाही कळत नाही.

नागपूरचा उन्हाळा आणि गोळा

आता आपल्या गावाकडे. नवतपा आला की नागपुरात दुपारी रस्ते ओस पडतात, पण ज्यांचं पोट रस्त्यावर आहे ते थांबत नाहीत. हमाल, रिक्षावाले, डिलिव्हरी करणारी पोरं, स्लॅबवरचे मजूर. त्यांच्या मांडीत, पोटरीत, पोटात गोळे यायला लागले तर ती उन्हाची पहिली घंटा समजा. काम तिथेच थांबवायचं. सावलीत जायचं, कपडे सैल करायचे, ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक, पन्हं, अंबील घोट घोट घ्यायचं आणि त्या दिवशी पुन्हा उन्हात जायचं नाही. नुसतं साधं पाणी ढसाढसा पिणं ही मॉसच्या खाणकामगारांचीच चूक आहे. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ याहून जास्त नको.

पण याच्या पुढची पायरी ओळखा. माणूस बरळायला लागला, चालताना झोके जायला लागले, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो गोळ्याचा प्रश्न उरत नाही. तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-मानेला-जांघेत थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. या वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. मुकादमांनी, ठेकेदारांनी हे पाठ करावं अशी माझी विनंती आहे. "नाटकं करतोय" म्हणून मजुराला पुन्हा उन्हात पाठवणं जिवावर बेतू शकतं.

इथे एक इशारा. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांनी मीठ-पाण्याचा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नये. डायलिसिस चालू असताना गोळे येणं ही नेहमीची तक्रार आहे आणि त्याचा इलाज तिथल्या डॉक्टरांनी यंत्राचं प्रमाण बदलून करायचा असतो.

रात्रीचा गोळा

उतारवयात गोळा बहुधा रात्री येतो. पोटरीत जास्त, मांडीत त्याहून कमी, पण आला तर जबरदस्त. लोक म्हणतात थंडीनं येतो, कूलरच्या वाऱ्यानं येतो. गंमत अशी की कॅनडातल्या एका अभ्यासात रात्रीच्या गोळ्यांच्या तक्रारी हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जवळजवळ दुप्पट दिसल्या. २०१५ मध्ये हा प्रसिद्ध झाला. तेव्हा एकट्या कूलरला दोष देऊ नका.

कूलरचा धोका वेगळा आहे. रात्री गोळा आला, आजी घाबरून उठल्या, कूलरपाशी पाणी सांडलेलं, अंधार, एक पाय काम देत नाही. पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. गोळा दोन मिनिटांत गेला असता, पण हाडानं सहा महिने अंथरुणाला खिळवलं. म्हणून ज्यांना रात्री गोळे येतात त्यांच्या पलंगाजवळ तीन गोष्टी ठेवा: हाताशी दिवा, एक भक्कम खुर्ची आणि एक दुपट्टा. आणि आधी झोपूनच ताणायचं, मग उठायचं.

प्रतिबंध काय? २०१२ साली नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरच्या ऐंशी जणांवर एक प्रयोग झाला. एका गटानं सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले. दुसऱ्यानं काही केलं नाही. ताणणाऱ्यांचे गोळे कमी झाले आणि त्यांची तीव्रताही कमी झाली. खर्च शून्य. मी म्हणते, त्यात पुढच्या मांडीचा ताण जोडा. प्रत्येक ताण दहा सेकंद, तीन-तीन वेळा. पाच मिनिटांत होतं. दात घासल्यासारखं रोज करायचं, एक दिवस करून उपयोग नाही.

गोळ्या-औषधांचं म्हणाल तर मॅग्नेशियमच्या गोळ्या लोक मोठ्या विश्वासानं घेतात. पण उपलब्ध प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा, वयस्कर माणसांच्या गोळ्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. दुसरं औषध क्विनीन, म्हणजे मलेरियाचंच. त्यानं गोळे थोडे कमी होतात, पण हृदयाची लय बिघडणं, रक्तातल्या प्लेटलेट घसरणं असे गंभीर परिणाम होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९४ मध्येच पायांच्या गोळ्यांसाठी त्याची चिठ्ठीविना विक्री थांबवली. तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणून घेऊ नका.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

इथे मागे तरुण मुलं-मुली बसलेली दिसतायत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर. वर्षभराची मेहनत काही मिनिटांत तपासली जाते आणि त्यात शंभर मीटरला मांडीच्या मागे गोळा आला तर सगळं गेलं. तुमच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, सरावात ज्या वेगानं कधी पळाला नाहीत त्या वेगानं परीक्षेत पळू नका. गोळा अनोळखी वेगाला येतो. भरतीचा वेग सरावात हळूहळू आणा. दुसरी, मागच्या मांडीला ताकद द्या. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची आणि धरायची, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. तिसरी, आदल्या रात्री जागून, सकाळी उपाशी, नुसत्या चहावर मैदानात जाऊ नका.

आणि पळताना गोळा आला की कचकन काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, नंतर तिथे काळं-निळं झालं, तर तो गोळा नसून स्नायू फाटलेला असू शकतो. तिथे ताण द्यायचा नाही. बर्फ, विश्रांती आणि तपासणी.

जे गोळ्यासारखं वाटतं पण गोळा नसतं

खऱ्या गोळ्याची खूण अशी: अचानक येतो, हाताला कडक लागतो, ताणला की सुटतो, काही मिनिटांत संपतो. यात बसत नसेल तर सावध व्हा.

एकच पाय सुजला, गरम लागतो, दुखणं तासन्‌तास जात नाही: शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चोळू नका. ठरावीक अंतर चाललं की मांडी-पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, त्यातून बिडी-सिगारेटची सवय: रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. मधुमेह आहे, मांडीच्या पुढे जळजळीत दुखतं आणि मांडी बारीक होत चाललीय: तो चेतांचा विकार असू शकतो. जबर व्यायामानंतर किंवा उन्हातल्या कामानंतर मांड्या सुजल्या आणि लघवी चहाच्या काढ्यासारखी झाली: स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार पडतोय, थेट रुग्णालय गाठा.

आणि विदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: सिकलसेल. आपल्या भागात हा आजार बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णाला धावताना, उन्हात, पाणी कमी पडल्यावर पाय दुखून येतात, तेव्हा भोवतालचे म्हणतात, "गोळा आलाय, ताण, पळ". पण फरक हातानं कळतो. गोळ्यात स्नायू दगडासारखा कडक आणि माणूस किंचाळतो. सिकलसेलमध्ये स्नायू मऊ असतो, पाय गळून जातात, माणूस खाली बसतो. ज्यांच्यात फक्त वाहकाचा दोष आहे, त्यांच्यातही अतिश्रमानं असं होऊ शकतं. त्याला पळवू नका, बसवा, पाणी द्या आणि लगेच दवाखान्यात न्या. व्यायामशाळेच्या आणि भरतीच्या शिक्षकांनी मुलांची सिकलसेल तपासणी झाली आहे का हे विचारावं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: लोणच्याचा खार प्यायला की गोळा लगेच जातो म्हणतात. खरं का?*

अमेरिकेत यावर प्रयोग झाला आहे, २०१० साली. पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या झटक्यानं गोळा आणला आणि काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी प्यायला दिलं. गोळा साध्या पाण्यापेक्षा लवकर गेला. पण इतक्या लवकर की ते मीठ रक्तात पोचणं शक्यच नव्हतं. म्हणजे घशाला झणका बसून चेतासंस्थेचं लक्ष वळलं असावं, असा अंदाज. आपलं लोणचं तेलातलं, मोहरीतलं. त्याचा खार ग्लासभर पिऊ नका. बीपी असेल तर मुळीच नाही. ताण द्या, तो जास्त भरवशाचा.

*प्रश्न: केळं?*

केळं चांगलंच आहे, खा. पण ते पोटातून रक्तात जायला अर्धा-एक तास लागतो. तोवर गोळा कधीच गेलेला असतो.

*प्रश्न: बाबांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून मांड्या दुखतात. बंद करू का?*

स्वतःहून नाही, ताई. स्टॅटिन गटाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, दम्याचे काही पंप यांनी स्नायूंचा त्रास होऊ शकतो. पण ती गोळी हृदयासाठी दिलेली असते. कधीपासून दुखतं, दोन्ही मांड्या दुखतात का, अशक्तपणा आहे का, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. ते रक्त तपासतील, मात्रा किंवा गोळी बदलतील.

*प्रश्न: माझ्या सुनेला सातवा महिना आहे, रोज रात्री गोळे येतात.*

गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात हे पुष्कळ जणींना होतं. कुशीवर झोपून किंवा बसून ताण द्यायचा, पोटावर झोपायचं नाही. मदत कुणी करायची? नवऱ्यानं. त्याला आज सांगितलेले तीन ताण शिकवा. फक्त एकच पाय सुजला तर वाट पाहू नका, कारण गरोदरपणात रक्ताच्या गाठीची भीती जास्त असते.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर एक करा. आज रात्री झोपण्यापूर्वी, गोळा आलेला नसताना, घरातल्या सगळ्यांनी मिळून हे तीन ताण एकदा करून बघा. पुढचा, मागचा, आतला. रात्री दोन वाजता, दुखत असताना, अंधारात नवीन काही शिकता येत नाही. शरीराला आधीच माहीत असेल तेवढंच ते तेव्हा करतं.